आमची वाटचाल : आधी फाईल आणा, मग भाव बोलू

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं आमचं कॉम्प्युटरचं दुकान २००४ साली सुरू झालं तेव्हा गाळा दहा बाय बाराचा होता, आणि त्यातला बराचसा माळ्याच्या जिन्यानं खाल्लेला. धाकट्या भावाचा डिप्लोमा नुकताच झाला होता आणि मी हिशेबनिशीची नोकरी सोडली होती. माल आणायला मी मुंबईला लॅमिंग्टन रोडला जायचो. दिवसभर दुकानं पालथी घालायची आणि रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मदरबोर्डचे खोके उशाला घेऊन कोल्हापूर गाठायचं. प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू असलेली चिप) मात्र कधी पिशवीत ठेवले नाहीत. ते शर्टाच्या आतल्या खिशात, वर हात ठेवून.

तेव्हा गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच असायचा, "किती गिगाहर्ट्झ?" म्हणजे चिपेचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात. इंटेल कंपनीच्या पेंटियम ४ चा आकडा ३.२. प्रतिस्पर्धी एएमडीच्या अ‍ॅथलॉन ६४ च्या नावात ३२००+ असलं तरी तो चालायचा दोन गिगाहर्ट्झच्या आसपास. दर ठोक्याला तो जास्त काम उरकतो, हे भाऊ जीव तोडून सांगायचा. समोरचा माणूस सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ते खरं हो, पण मला तीनवालाच द्या." मी तीनवालाच द्यायचो. वाद घालायला भाऊ होता, गाळ्याचा हप्ता मला भरायचा होता.

पहिला मोठा फटका २००७ चा, आणि तो माझ्याच शहाणपणाचा. इंटेलचा चार कोअरचा, म्हणजे एका चिपेत चार कामकरी असलेला, क्यू६६०० त्या जानेवारीत ८५१ डॉलरला आला होता आणि एप्रिलमध्ये ५३० वर उतरला होता. मला वाटलं, आता याच्या खाली काय जाणार? जूनमध्ये मी चार डबे उचलले. भाव अजून पडणार अशी कुजबूज बाजारात होती, भावानंही सांगितलं होतं, "दादा, महिनाभर थांब." २२ जुलैला भाव २६६ डॉलर झाला. त्यातले तीन डबे आम्ही निम्म्या किमतीला विकले. चौथा तर शेवटी आमच्याच मशीनमध्ये बसवला, आणि त्या मशीनवर पुढे आठ वर्षं बिलं निघाली. भाऊ अजूनही त्याला 'दादाचा क्वाड' म्हणतो.

पुढचा काळ आमच्या धंद्यात झोपेचा गेला. २०११ चा आय७ २६००के चार कोअरचा आणि २०१७ च्या जानेवारीतला आय७ ७७००के सुद्धा चारच कोअरचा. मधल्या वर्षांत चिपा थोड्याथोड्या वेगवान झाल्या, पण जुनं मशीन का बदलायचं याचं पटेल असं उत्तर माझ्याकडं नसायचं. जास्त कोअर हवेत तर इंटेलची वरची श्रेणी होती. २०१६ चा दहा कोअरचा ६९५०एक्स १,७२३ डॉलरचा. तो आम्ही फक्त चित्रात पाहिला.

मग २०१७ च्या मार्चमध्ये एएमडीचा रायझन ७ १८००एक्स आला. आठ कोअर, ४९९ डॉलर. इंटेलच्या आठ कोअरच्या ६९००के ला तेव्हा हजाराच्या वर मोजावे लागत. भावाचा आनंद गगनात मावेना. मी म्हणालो, गेम खेळणाऱ्या पोरांना अजून ७७००केच पुढं ठेवतो, ते बघ. तो म्हणाला, आपल्याकडं गेम खेळणारे किती आणि रेंडर काढणारे किती, ते तू बघ. रेंडर म्हणजे डिझाईनवरून कॉम्प्युटरनं काढलेलं हुबेहूब चित्र. आठवडाभर दुकानात हाच विषय. चहावाला पोरगासुद्धा विचारायला लागला, "आज कोण जिंकलं?"

त्या वादात निकाल लावला एका आर्किटेक्ट बाईंनी. त्या वैतागून म्हणाल्या, "तुमचे आलेख राहू द्या. माझा बंगला याच्यावर किती वेळात निघतो ते दाखवा," आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला. आम्ही तीच फाईल दोन मशीनवर लावली. चार कोअरवर बावन्न मिनिटं लागली, आठवर सत्तावीस. त्यांनी त्याच दिवशी आगाऊ रक्कम दिली. दिवसाला सहा रेंडर काढणाऱ्या बाईंना दोन-अडीच तास मोकळे मिळत होते, चिपेची किंमत त्यांच्या दृष्टीनं तिथंच वसूल झाली.

दुसऱ्याच महिन्यात शिरोली एमआयडीसीतले एक डिझायनर आले. फाउंड्रीसाठी कास्टिंगची डिझाईन करणारे, आठ कोअर घ्यायचे असं ठरवूनच आलेले. आम्ही त्यांचीही फाईल मागितली. मॉडेलमध्ये एक माप बदललं की सगळा भाग पुन्हा उभा राहायला जो वेळ लागतो, तो दोन्ही मशीनवर जवळजवळ सारखाच आला. ते काम एका मागून एक पायरीनं चालतं. पहिली पायरी संपल्याशिवाय दुसरी सुरूच होत नाही, त्यामुळं एक कोअर राबतो आणि बाकीचे बघत बसतात. त्यांना आम्ही कमी कोअरची, पण चढ्या ठोक्याची स्वस्त चिप दिली. बिल कमी झालं म्हणून मला रात्री चुटपूट लागली होती, खोटं कशाला सांगू?

तेव्हापासून महागड्या चिपेचं गिऱ्हाईक आलं की आधी फाईल मागायची, हा दुकानाचा रिवाज झाला.

चुका मात्र चालूच होत्या. सॉकेट म्हणजे मदरबोर्डावर चिप जिथं बसते ती जागा. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या चिपेला खालून १,३३१ पिना असतात. एकदा घाईत चिपेवरचा कूलर, म्हणजे तिला थंड ठेवणारा पंखा, सरळ वर ओढला. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून घट्ट बसली होती, तिनं चिपेला धरलं आणि बंद सॉकेटमधून चिपच उपटून वर आली. कोपऱ्यातल्या सात-आठ पिना आडव्या. पेनपेन्सिलमधली शिसकांडी काढून टाकली, तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर बसवलं आणि श्वास धरून हळूहळू उभी केली. दोन तास लागले. मशीन चालू झालं तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. आता आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट गरम करतो, मग कूलर डावी-उजवीकडं थोडा फिरवतो, मग उचलतो.

किमतीचा वाद अलीकडं वेगळ्याच वाटेनं दुकानात शिरतो. २०२४ च्या ऑक्टोबरात इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के ५८९ डॉलरला आला. गिऱ्हाईक पायरी चढण्याआधीच मोबाइलवर गुणाकार करतं. डॉलर तेव्हाच्या ८४ रुपयांनी धरला की साडेएकोणपन्नास हजार, मग तुम्ही जास्त का सांगता? अमेरिकेत जाहीर होणाऱ्या भावात विक्रीकर धरलेला नसतो. आपला १८ टक्के जीएसटी चढवला की आकडा अठ्ठावन्न हजारांवर जातो, आणि आयातदार, वितरक यांचं मार्जिन अजून बाकीच असतं. आमच्या वाट्याला किती उरतं ते सांगितलं तर लोक हसतात, म्हणून मी सांगत नाही.

आणि नुसती चिप कोण विकत घेतं? २८५के ला नवा सॉकेट, म्हणजे नवा बोर्ड, आणि रॅमही डीडीआर५ या नव्या प्रकारचीच. इथं भावाचं पारडं जड, हे मी मान्य केलंय. २०१७ च्या कितीतरी एएम४ बोर्डांवर बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून २०२० च्या चिपा बसल्या. त्या आर्किटेक्ट बाईंनी त्याच बोर्डावर पुढं चिप बदलली. माझ्या आवडत्या ७७००के च्या बोर्डावर त्याच वर्षीचा आय७ ८७००के चालत नव्हता, पिनांची संख्या तीच असून. शिवाय २०२२ चा आय९ १३९००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत खेचू शकतो. एप्रिल-मे महिन्यात बंद खोलीत रात्रभर रेंडर लावणाऱ्याला कूलर, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा खोका) आणि यूपीएस धरूनच भाव सांगावा लागतो.

मागच्या वर्षी शाहू मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी मुलाला घेऊन आले. मुलगा इंजिनिअरिंगला. त्याला आठ कोअरचा रायझन ७ ९८००एक्स३डी हवा होता. शेजारी इंटेलचाही एक डबा होता. वडिलांनी दोन्ही डब्यांवरचे आकडे वाचले.

"ह्यो चोवीस कोअरचा, ह्यो आठचा. मग आठवाला कशाला?"

"काका, काही कामांत आठवाला चोवीसला भारी पडतो," भाऊ म्हणाला.

"आठ पैलवान चोवीस जणांना भारी? कुठल्या तालमीतले हो?"

भावाला हेच हवं होतं. "ह्या आठांचा खुराक हाताशी आहे काका. चिपेच्या पोटातच ९६ एमबीची कॅश मेमरी. त्या चोवीस जणांना घोटभर दुधासाठी सारखं गंगावेशीत जाऊन यावं लागतं."

काकांना पटलं. "कुठल्या कामात म्हणालात?"

भाऊ गप्प. मी नेहमीच्या सवयीनं बोलून गेलो, "तुझी कॉलेजची फाईल आण, लावून बघू." मुलानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग वडिलांकडं. फाईल काही आली नाही. काका सगळं समजले.

शेवटी सहा कोअरचा रायझन ५ ९६००एक्स ठरला. उरलेल्या पैशांतलं थोडं ग्राफिक कार्डाला गेलं, कारण मुलाची आई फोनवर त्याच्या बाजूनं बोलली. मशीन न्यायच्या दिवशी काकांनी पायरीवर नारळ फोडला, कॅबिनेटच्या काचेला कुंकवाचं बोट लावलं आणि ठरलेल्या भावातून पाचशे रुपये कमी करून घेतले.