जिभेखालची गोळी

सकाळी साडेपाचला मी औषधांची गाडी ढकलत निघते. अमेरिकेतल्या एका काउंटी (म्हणजे जिल्हा) जेलमध्ये नर्स आहे मी. या फेरीत सगळ्यात जास्त वेळ खाते ती ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेच्या व्यसनावरच्या औषधाची, इवलीशी गोळी. ती गिळायची नसते. आधी पाण्याचा घोट घेऊन तोंड ओलं करायचं, गोळी जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटं, हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. मग मी टॉर्च मारून बघते. जीभ वर, गाल बाजूला. गोळी लपवून आत विकली जाईल ही तुरुंगाची भीती खोटी नाही. पण ती विकत घेणारा बहुतेक वेळा ज्याला स्वतःला उपचार मिळालेला नाही असाच माणूस असतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, म्हणजे चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" तिचं चुकलं नाही, इथले कितीतरी अधिकारीही तसंच समजतात. ब्युप्रेनॉर्फिन आणि त्याच उपचारातलं दुसरं औषध मेथाडोन, ही अफूच्याच कुळातली आहेत, खरंय. पण योग्य डोस मिळाला की नशा चढत नाही, ओढ थांबते, अंग मोडून येत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो. मेथाडोन व्यसनाच्या या आजारासाठी इथे १९७२ पासून मान्य आहे, ब्युप्रेनॉर्फिन २००२ पासून. नवं काहीच नाही यात.

मी आधी जिथे होते त्या जेलचा नियम एका ओळीचा होता: गरोदर बाई असेल तरच मेथाडोन, बाकी सगळ्यांचं दारातच बंद. तिथे एक मुलगा आला. छपरं घालायचं काम करायचा, चार वर्षं नेमाने क्लिनिकमध्ये जाऊन मेथाडोन घेत होता. गुन्हा शाबित झालेला नव्हता, जामिनाचे पैसे नव्हते एवढंच. मेथाडोन अंगातून हळूहळू उतरतं, त्यामुळे पहिला दिवस तो ठीक होता. दुसऱ्या रात्री सुरू झालं. आमच्याकडे अकरा रकान्यांचा तक्ता असतो: नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, थरथर, अंगावरचा काटा. मी दर पाळीला आकडे भरायचे. त्याच्या दंडावरचा काटा मला अजून आठवतो. हात फिरवला तर खरखरीत लागायचा. तो एवढंच विचारायचा, "माझ्या डोसची वेळ झाली का?" मी तक्ता भरायचे, मळमळीची गोळी द्यायचे आणि पुढच्या कोठडीकडे जायचे.

सात आठवड्यांनी तो सुटला. नवव्या दिवशी गेला. आम्हाला कळलं ते त्याच्या आईचा फोन आला म्हणून. त्याचा चष्मा आमच्याकडे राहिलाय का, हे ती विचारत होती.

आत असताना शरीराची सवय मोडते. आधी जेवढं पचत होतं तेवढंच आता जीव घेतं, आणि बाहेर जे मिळतं त्यात फेंटानिल असतं, हेरॉइनपेक्षाही कितीतरी जहाल. वॉशिंग्टन राज्यातला २००७ सालचा अभ्यास सांगतो की सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर लोकांपेक्षा १२९ पट होता. उलट ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये आपल्या सगळ्या तुरुंगांत व्यसनावरची तिन्ही औषधं सुरू केली, ही दोन आणि नशेचा परिणामच अडवणारं नाल्ट्रेक्सोन. ओव्हरडोसने दगावलेल्यांमध्ये नुकतेच सुटलेल्यांचं प्रमाण वर्षभरात सुमारे ६० टक्क्यांनी उतरलं.

मग कोर्टं बोलायला लागली. २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एका माणसाचं मेथाडोन चालू ठेवायचा हुकूम झाला, २०१९ मध्ये मेन राज्यात एका बाईचं ब्युप्रेनॉर्फिन. तिची शिक्षा किती? चाळीस दिवस. त्यासाठी तिला फेडरल कोर्टात जावं लागलं. एप्रिल २०२२ मध्ये न्याय खात्यानेच स्पष्ट केलं की डॉक्टरांनी लिहून दिलेलं हे औषध तुरुंगाने सरसकट बंद करणं अपंगांच्या हक्कांच्या कायद्याविरुद्ध जाऊ शकतं. तरीही आज कुठल्या काउंटीत अटक झाली यावर माणसाचा उपचार ठरतो, आणि याचा मला खरोखर संताप येतो.

आताच्या जेलमध्ये आम्ही औषध बंद करत नाही. मेथाडोन परवानाधारक क्लिनिककडूनच घ्यावं लागतं, म्हणून तिथून कुलूपबंद पेटी येते. अवघड जागा आहे ती सुटकेची. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आत असताना जवळजवळ काहीच देत नाही, बाहेर पडल्यावर ते पुन्हा चालू व्हायला दिवस जातात. कॅलिफोर्नियाला २०२३ मध्ये सुटकेआधीच्या ९० दिवसांपर्यंत ते सुरू करायची परवानगी मिळाली, तशी पहिलीच. आमच्याकडे मात्र सुटका कधी रात्री अकराला होते, कधी शुक्रवारी संध्याकाळी. क्लिनिक उघडणार सोमवारी.

म्हणून शुक्रवारी मी सुटणाऱ्यांची यादी दुपारीच मागून घेते. प्रत्येकाच्या सामानाच्या पिशवीत ओव्हरडोस उलटवणाऱ्या नालोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे, सोमवारच्या भेटीची चिठ्ठी आणि डॉक्टरांनी मंजूर केलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या. पिशवीला गाठ मारण्याआधी आत चष्मा आहे का तेही बघते.