खुनाच्या बातम्या कशाला उतरवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्हीच नाही, सगळेच विचारतात. "बाई, जन्मभर मराठी शिकवलं, आणि आता ग्रंथालयात बसून जुन्या पेपरातले खून काय उतरून घेता?" परभणीची म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे मानवतचं का?"

नाही. आमच्या जिल्ह्यातलं मानवतचं हत्याकांड मला पेपरात शोधावं लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी खाणारी आमची पिढी. दिवेलागणीनंतर आम्हा पोरींना अंगणाबाहेर सोडत नसत. गुप्तधन, नरबळी हे शब्द आम्ही पुस्तकात वाचायच्या आधी ओट्यावर ऐकले. तो विषय नको.

माझं ठेवणीतलं उत्तर असतं, 'मी इतिहास वाचते.' मग बडोद्याची गोष्ट सांगते. १८७४ साली इंग्रजांचा तिथला प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर, याच्या पपनसाच्या सरबतात सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड निघाली. आळ बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर. चौकशीला सहा जण बसले. तिघा इंग्रजांना गुन्हा पटला, तिघा हिंदी सभासदांना सिद्ध झाला असं वाटेना. मग सरकारनं गैरकारभाराचं कारण काढून राजाला गादीवरून उतरवलं. सनावळीत फक्त गादी गेल्याचं साल असतं, सरबत नसतं.

हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. मला त्या बातम्यांची चटक लागली होती.

एका फाइलीत आमच्याच तालुक्यातली चार ओळींची बातमी सापडली, निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या काही वर्षांतली. भाकरीला उशीर झाला म्हणून नवऱ्यानं बायकोला कुऱ्हाडीनं मारलं आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून स्वतःच ठाण्यावर गेला. मी उतरून घेतली. कोजागिरीला, हळदीकुंकवाला रंगवून सांगायचे. 'ठाण्यावर गेला' इथं थोडं थांबायचं, की बायका हसायच्या. हो, हसायच्या.

एकदा एका बारशात सांगितली. कोपऱ्यात एक म्हातारी सुपारी कातरत बसली होती. हात थांबवून म्हणाली, "भाकरीचं खोटं हाय, बाई. घरात पीटच नव्हतं."

मी गप्प.

"माझी थोरली भन ती. नाव छापलंय का तिचं?"

नवऱ्याचं छापलं होतं, बापासकट. पाटलाचं होतं. कुऱ्हाडीची लांबीसुद्धा होती. तिच्यासाठी एकच शब्द: बायको. मी तसं सांगितलं. तिनं मला नाव सांगितलं, आणि परत अडकित्ता हातात घेतला. पुढच्या आठवड्यात बातमीची झेरॉक्स नेऊन दिली. नातवाकडून दोनदा वाचून घेतली, चौघडी करून चोळीत ठेवली. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "सांगा की. पन पिटाचं सांगा."

तेव्हापासून ती गोष्ट मी सांगितलेली नाही. पिठासकट सांगितली तर कुणी हसणार नाही, आणि मग कोण ऐकणार, असं मनात येतं. हे मनात येतं याचीच लाज वाटते. वहीत त्या बातमीखाली माझ्याच अक्षरात 'मजेदार!' लिहिलेलं आहे. खोडावं म्हणून कितीदा पेन उचललं. मग वाटतं, तेव्हाची मी मूर्ख होते खरी, पण तिनं उतरून घेतली नसती तर म्हातारीला कागद कुठून मिळाला असता? तेव्हाच्या मला हे उत्तर फार सोयीचं आहे, तेही कळतं.

नाव समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. इथं लिहीत नाही, छापायचं का ते मी तिला विचारलंच नव्हतं. उद्या ग्रंथालय उघडं आहे. जाणार आहे.