चांदीची डबी

मी एका मिशनरी शाळेत पीटी शिकवतो, सकाळचं युनिफॉर्म चेकिंग माझ्याकडे. नखं, बूट, टाय हे सगळ्यांना माहितीय, खरं काम असतं मनगट आणि गळ्याचं. काळे दोरे, ताईत, पेंडंट, आणि राखीपौर्णिमेनंतरचा आठवडा तर विचारूच नका. निघेल ते प्लास्टिकच्या डब्यात, शाळा सुटल्यावर परत. हे धर्माबिर्मासाठी नाही हो, निदान माझ्यासाठी तरी नाही. खो-खोत पोरं पळत येऊन खांबाला हात टाकून गर्रकन वळतात, खांब १२० सेंमीच्या वर, म्हणजे सातवीच्या पोराच्या बरोबर छाती-गळ्याशी, तिथे चेन अडकली तर काय होतं ते मी एका मुलीच्या मानेवर बघितलंय. तेव्हापासून मी कुणाचं ऐकत नाही.

जूनमध्ये सातवीत एक मुलगा सोलापूरकडून नवीन आला. शर्टाच्या आत काहीतरी फुगलेलं.

"काय आहे रे?"

"देव आहे सर."

जाड पांढरा दोरा आणि त्यात अंड्याएवढी चांदीची डबी. म्हटलं देव घरी ठेवायचा, काढ. पोराने वाद घातला नाही. काढली आणि डब्यात टाकली नाही, दोन्ही हातांनी ठेवली. ते मी बघितलं आणि तरी "नेक्स्ट" म्हटलं. नेक्स्ट एक शीख मुलगा होता, हातात कडं. त्याला म्हटलं, जा पुढे.

मधल्या सुट्टीत डबीवाल्या पोराच्या क्लास टीचर आल्या, म्हणाल्या पोरगं टिफिन उघडत नाहीये, लिंगायत आहे, त्या डबीतलं इष्टलिंग, म्हणजे त्यांचं पूजेचं छोटं लिंग, अंगावर नसताना जेवायचं नाही म्हणतंय. मी चिपळूणकडचा, लिंगायत हा शब्द ऐकलेला, पण ते लिंग अंगावरून उतरवत नाहीत हे कुठे माहीत. स्पोर्ट्स रूम उघडून डबी दिली. आधी नळावर जाऊन हात धुऊन आला, गळ्यात घातली आणि तिथेच मॅटवर बसून घंटा व्हायच्या आत भराभर जेवला.

सिस्टर म्हणाल्या, पेरेंट्सना अर्ज द्यायला सांगा. सिस्टर वाईट नाहीत, पण ते बोलताना त्यांच्या गळ्यातला क्रॉस हलत होता आणि शाळेच्या बॅजवरही क्रॉस आहेच, तो सगळ्या धर्मांच्या पोरांच्या खिशावर बारा वर्षं मीच तपासतोय, तो नसेल तर ओरडतो. त्याला आम्ही चिन्ह धरतच नाही.

स्टाफरूममध्ये इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, संविधानाच्या कलम २५ मध्ये शिखांच्या कृपाणाचा उल्लेख आहे. आहे ना, पण कड्याचा नाही, आणि मी त्याला कलम वाचून कुठे सोडलं होतं? मला कडं ओळखू येत होतं, डबी येत नव्हती, एवढंच. कर्नाटकातल्या वर्गातल्या हिजाबबंदीच्या केसमध्ये १३ ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमेकांशी पटलं नाही, आणि इथे मी गेटवर एका मुलामागे पाच सेकंदात निकाल देतो.

वडील आले, चिडले नाहीत, त्यानेच जास्त लाज वाटली. मी सुचवलं खेळताना कमरेच्या पाउचमध्ये ठेवूया. म्हणाले, "नको सर, नाभीच्या वरच पाहिजे." मग आता खो-खोच्या आधी मी स्वतः त्याच्या छातीवर डबी-दोऱ्यासकट क्रेप बँडेज गुंडाळतो, दोन वेढे, श्वास अडकू नये इतपत सैल.

परवा एकाच्या मनगटावर काळा दोरा दिसला. काढ म्हटलं तर म्हणतो, "सर, हा पण देवच आहे." मी डबा मागे घेतला. पोरगं गालात हसत होतं, म्हणून परत पुढे केला.