एक वाटी नवी, एक जुनी

माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलायची तारीख ठरली होती 26 मार्च 2020. बॅग भरून तयार होती, दोन सैल गाऊनही शिवून आणले होते. चार-पाच दिवस आधी औरंगाबादच्या दवाखान्यातून फोन आला. तातडीची नसलेली ऑपरेशनं थांबवलीत, तुमचं थोडं पुढं ढकलू. मग 22 ला जनता कर्फ्यू आला आणि 25 पासून सगळंच बंद. मी गंगाखेडला घरात आणि बॅग कपाटावर.

तातडीचं नाही हे मलाही पटलं होतं. गुडघ्यानं कुणी मरत नाही. पण थांबलेला गुडघा जिथल्या तिथं राहत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सकाळचं फिरणं सुटलं, वजन सहा किलोनं वाढलं, मांडीचा पुढचा स्नायू हाताला पिळपिळीत लागायला लागला. दुखणं मारायला रोज गोळी. ऑगस्टमध्ये रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीवर ताण आला की वाढतं ते) वर गेलेलं, म्हणून गोळीही बंद! महालक्ष्म्या त्या वर्षी सुनेनंच बसवल्या, मी खुर्चीवरून नुसत्या सूचना देत होते. (तिला त्याचाच जास्त त्रास झाला असेल.)

डिसेंबरमध्ये नंबर लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्ही एकदम नको. भूलतज्ज्ञांनाही ते नको होतं. दोन्ही केले तर जास्त दिवस राहावं लागतं, जास्त रक्त लागतं, आणि आयसीयूच्या खाटा कोरोनासाठी राखलेल्या. म्हणून आधी उजवा, तीन महिन्यांनी डावा.

आदल्या दिवशी आरटीपीसीआर. सोबत एकच माणूस, तोही बदलायचा नाही. भूल कमरेतून दिली, त्यामुळे हातोडीचे ठोके सगळे ऐकले. बसवायच्या सांध्याचा भाव सरकारनं 2017 मध्येच बांधून दिलेला होता. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा 54,720 रुपये, वर जीएसटी. तो आकडा मी पाठ करून गेले होते. बिलात मात्र पीपीई किट रोजच्या रोज लावलेले, आणि त्याच्या दराची पाटी कुठंच नव्हती. ह्यांनी विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सगळ्यांनाच लावायलोत, काका." तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं.

खरी कसोटी घरी. एरवी फिजिओथेरपीवाला पहिले काही आठवडे घरी येतो, पाय धरून वाकवतो. आमच्याकडे कुणी यायला तयार नव्हतं, म्हणून व्हिडिओ कॉल. घरात रेंज यायची नाही, गच्चीवर यायची, आणि गच्चीवर मला चढता येईना. शेवटी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला. तीस वर्षं मी गणित शिकवलं. आता मुलगा माझ्या गुडघ्याला कोनमापक लावून फोटो काढायचा आणि गच्चीवर जाऊन पाठवायचा. दहाव्या दिवशी 70 अंश. तिकडून उत्तर यायचं, "अजून वाकवा." पण दुखणाऱ्या गुडघ्याला आपणच आपल्या हातानं कुठवर वाकवणार? महिन्यानं 100 वर गेला आणि तिथंच अडला.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. उजवा पाय सरळ झाला, डावा अजून धनुष्यासारखा बाहेर वाकलेला. म्हणजे उजवा लांब झाल्यासारखा! चालताना कंबर डावीकडं लचकायची. तीन महिन्यांचा प्रश्न आहे म्हणून बसस्टँडजवळच्या चांभाराकडं गेले. त्यानं मला दोनदा चालवून बघितलं, मग डाव्या चपलेला टायरचा तुकडा ठोकला. "बाई, आधी अर्धा इंच लावतो. कमी पडला तर अजून एक थर." तो थर कमी पडला नाही, पण तीन महिन्यांचे नऊ झाले.

मार्च 2021 मध्ये लाट पुन्हा वर आली. मला लसीचा पहिला डोस मिळाला आणि एप्रिलमध्ये आम्ही दोघंही पॉझिटिव्ह. मी घरीच बरी झाले. ह्यांना परभणीला अकरा दिवस ऑक्सिजन लागला. त्या दिवसांत गुडघा आहे हेच मी विसरले होते. नंतर डॉक्टरांनी समजावलं की कोरोनानंतर रक्तात गुठळ्या व्हायची भीती वाढते आणि गुडघा बदलल्यावरही ती असतेच. दोन्ही एकत्र नकोत, निदान सात आठवडे जाऊ द्या. मी दुसरा डोस होईपर्यंत थांबले.

डावा गुडघा सप्टेंबरच्या अखेरीस झाला. यावेळी फिजिओथेरपीवाला मुलगा रोज घरी आला. तोंडाला दोन मास्क, पण हात खरे. मी ओरडले की म्हणायचा, "बाई, अजून दहापर्यंत मोजा." पाढे शिकवणारीला पुन्हा मोजायला लावलं त्यानं. सहा आठवड्यांत 120.

चांभाराकडून टायरचा तुकडा काढून घेतला. त्यानं पैसे घेतले नाहीत. डावा पाय आता मुडपतो, उजवा अजून 100 वरच अडतो. त्यामुळं रिक्षात बसताना मी कडेला बसते आणि उजवा पाय थोडा बाहेर राहू देते.