फेलुदा विथ आइस्क्रीम

आमच्याकडे हे प्रकरण सुरू झालं एका पार्सलवरून. मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला म्हणून मी सत्यजित रायांच्या फेलुदा या डिटेक्टिव्हच्या पुस्तकांचा मराठी संच मागवला होता, रोहन प्रकाशनचा, अशोक जैनांनी अनुवाद केलेला, आणि कुरिअरवाला आला तेव्हा नेमकी मी ऑफिसात, म्हणून बाबांना फोन केला की बाबा, फेलुदा येतोय, जरा घेऊन ठेवा. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "अगं पण फ्रीजरमध्ये जागा नाहीये, मटार भरलेत तू. आइस्क्रीमवाला आहे की बिनआइस्क्रीमचा?"

चिरंजीवांनी दीड पुस्तक वाचलं आणि क्रिकेटला निघून गेले ते गेलेच. खोका बरेच दिवस दिवाणाखाली. मग पावसाळ्यात बाबांचा गुडघा धरला, फिरणं बंद झालं, आणि पेपर वाचून, त्यातलं शब्दकोडं सोडवून, पेपरातल्या चुकांवर पेनाने खुणा करूनसुद्धा सकाळचे साडेदहाच वाजतात हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा खोका दिवाणाखालून बाहेर आला.

आता बाबा म्हणजे बाबूराव अर्नाळकरांच्या पिढीचे. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिलेला माणूस तो, आणि त्यातल्या निम्म्या आपण वाचल्यात असा बाबांचा दावा आहे (आई हयात असताना हा आकडा एक चतुर्थांश होता). भाड्याच्या लायब्ररीतून आणायच्या, अभ्यासाच्या पुस्तकात घालून वाचायच्या, आणि दुसऱ्या दिवशी परत करायच्या कारण दिवसाचं भाडं चढतं. झुंजार, काळा पहाड, ही नावं अजूनही ते जरा आवाज खाली करून घेतात, जणू आजोबा आतल्या खोलीत आहेत. अशा माणसाला फेलुदा दिला तर काय होणार? तिसऱ्या दिवशी चष्मा कपाळावर सारून मला विचारलं, "यात खून कुठाय? पन्नास पानं झाली, नुसते फिरतायत आणि चहा पितायत."

मुद्दा बरोबर होता. फेलुदा, म्हणजे प्रदोषचंद्र मित्र, राहणार रजनी सेन रोड, कलकत्ता, हा डिटेक्टिव्ह मुळात मुलांसाठी जन्माला आला. 1965 साली 'संदेश' मासिकात. हे मासिक सत्यजित रायांच्या आजोबांनी 1913 मध्ये सुरू केलेलं, मधे बंद पडलं होतं, ते रायांनी 1961 मध्ये पुन्हा चालू केलं, आणि घरचंच मासिक म्हटल्यावर पानं भरायला घरच्यांनीच लिहायला नको का? मुलांचं मासिक, म्हणून रक्तबिक्त बेताचं, प्रेमप्रकरणं तर नाहीतच, चोरी होणार ती जुन्या मूर्तीची नाहीतर अंगठीची. फेलुदाकडे पॉइंट थ्री टूचं कोल्ट आहे, पण खरं हत्यार डोकं. सगळी गोष्ट सांगतो त्याचा चुलतभाऊ तोपशे, शाळकरी पोरगा. चारमिनार ओढतो हा एवढाच काय तो फेलुदाचा वाईट गुण. बाबांना तोही पुरेना.

मग 'सोनार केल्ला' आलं. राजस्थानच्या वाटेवर ट्रेनमध्ये समोरच्या बाकावर एक गृहस्थ येऊन बसतात. बुटके, टकलू, मिशी, अंगात काही दम नाही, आणि निघतात 'जटायू' या टोपणनावाने धडाधड खपणाऱ्या थरारक कादंबऱ्यांचे लेखक, खरं नाव लालमोहन गांगुली. ह्यांचा हीरो प्रखर रुद्र वाळवंटातून जंगलात आणि जंगलातून बर्फात उड्या मारतो, आणि लेखकमहाशयांनी यातलं जवळपास काहीच बघितलेलं नसतं, त्यामुळे माहितीच्या चुका ढिगाने. फेलुदा शांतपणे चूक दाखवतो. आणि हा माणूस रागवत नाही हो! आमच्यासारखं "तुम्हाला काय कळतं" म्हणत नाही. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो, म्हणतो.

त्या दिवशी आतल्या खोलीतून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. मी कुकर लावत होते, बंद करून बघायला गेले, कारण तो आवाज बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता.

तिथून पुढे बाबा फेलुदा वाचेनासे झाले, जटायू वाचायला लागले. पुस्तक उघडलं की आधी पानं चाळून 'हे' आहेत ना बघायचं. सुरुवातीच्या गोष्टींत तो नाहीये, 1971 पर्यंत जटायू नव्हताच, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग लोक वाचत कशाला होते?"

माझ्या ऑफिसात एक बंगाली सहकारी आहेत, वयाने मोठे, आम्ही सगळे दादाच म्हणतो. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी डबा बाजूला ठेवला. (मासे होते, तरी ठेवला.) दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडची दोन बंगाली पुस्तकं घेऊन आले, कव्हरं घातलेली, आतल्या कडा पिवळ्या, मला बंगाली वाचता येत नाही पण ती वाचायला नव्हती आणली, चित्रं दाखवायला आणली होती. चित्रं रायांचीच, त्यांच्या हातची. एका पुस्तकात जटायू होता आणि दुसऱ्यात होता तोही जटायूच, पण चेहरा निराळा. दादा म्हणाले, मधे काय झालं सांग बघू. मला काय येणार?

मधे सिनेमा झाला होता. 1974 मध्ये रायांनी 'सोनार केल्ला'वर स्वतःच सिनेमा काढला, फेलुदा सौमित्र चटर्जी आणि जटायू संतोष दत्त, जे पेशाने वकील होते. त्यातला त्यांचा तो प्रश्न बंगाल्यांच्या घराघरात आहे म्हणे, की उंट काटेरी झुडपं खातात ते काटे वेचून बाजूला काढून खातात का? आणि तो माणूस इतका फिट्ट बसला की त्यानंतर रायांनी पुस्तकातला जटायू संतोष दत्तांसारखा काढायला सुरुवात केली. विचार करा, पात्र यांचं, चित्र यांचं, सगळी मालकी यांची, आणि तरी दुसऱ्या कोणीतरी ते आपल्यापेक्षा बरोबर ओळखलं म्हणून मुकाट्याने हात बदलायचा. ही त्यांची पुढच्या आवृत्तीतली दुरुस्तीच की. 1979 मध्ये बनारसवरचा दुसरा सिनेमा आला. मग 1988 ला संतोष दत्त गेले आणि राय म्हणाले आता फेलुदाचा सिनेमा नाही. काढला नाहीच. गोष्टी मात्र लिहीत राहिले आणि त्यातल्या चित्रांत तोच चेहरा, 23 एप्रिल 1992 ला स्वतः जाईपर्यंत.

दादांनी ते पान बोटाने न दाबता, तळहाताने सपाट करून दाखवलं. पुस्तक त्यांच्या आईचं होतं. दर दुर्गापूजेला 'देश' या बंगाली नियतकालिकाच्या पूजा अंकात फेलुदाची नवी कादंबरी यायची, बहुतेक दरवर्षी, आणि घरात आधी कोणी वाचायचं यावरून भांडणं व्हायची. हे मला लगेच कळलं. आपल्याकडे दिवाळी अंक आला की फराळाच्या ताटापेक्षा त्याच्यावर जास्त हात पडायचे, तसंच. मग तो अंक पहिल्यांदा ज्याच्या हाती लागला त्याने शेवट सांगून टाकायचा आणि मार खायचा.

ती बनारसची गोष्ट मी दोनदा वाचलीय. त्यात मगनलाल मेघराज नावाचा एक खलनायक आहे, गोड बोलून अंगावर काटा आणणारा. तो फेलुदाला घरी बोलावतो, सरबत देतो, आणि मग करमणूक म्हणून जटायूला एका फळीसमोर उभं करतो आणि एका म्हाताऱ्या सुरीफेक्याला सुऱ्या फेकायला लावतो. त्या बिचाऱ्याच्या आजूबाजूला खाड खाड सुऱ्या रुतत जातात. फेलुदाला काहीही करता येत नाही. बाहेर आल्यावर तो म्हणतो की याचा बदला घेईन नाहीतर हे काम सोडून देईन. लाखो रुपयांची मूर्ती चोरीला गेली तेव्हा हा माणूस एवढा पेटला नव्हता, पण मित्राची चेष्टा झाली म्हणून धंदा सोडायला निघाला! बाबांनी या पानावर बसचं तिकीट खूण म्हणून घालून ठेवलंय, अजून आहे.

आणि मला यात एक गंमत दिसते, ती दादांना पटली नाही, पण मी सांगतेच. जटायूच्या पुस्तकांची नावं बघा, 'सहाराय शिहरण', सगळी अशी अनुप्रासात, राय त्याची टिंगल करतात असं वाटतं. आणि स्वतःच्या फेलुदाच्या पुस्तकांची नावं? 'गंगटोके गंडगोल', 'कैलासे केलेंकारी', 'बोंबाइयेर बोंबेटे'! मराठीतसुद्धा तो ठसका राहिलाय, 'गंगटोकमधील गडबड' वगैरे. बरं, जटायू राहतो कुठे, तर उत्तर कलकत्त्यात गडपारला. राय जन्मले तेही गडपारच्याच घरात, लहान असताना ते घर सुटलं. सुटलेली गल्ली या बाईने, म्हणजे माझ्यासारखीने, सगळ्यात हुशार पात्राला दिली असती. त्यांनी ती चुका करणाऱ्याला दिली. जगभरात नावाजलेला दिग्दर्शक, शेवटी ऑस्कर काय, भारतरत्न काय, आणि आपल्या गोष्टीतला लेखक म्हणून त्याने कोण बसवला, तर "सेलिंग लाइक हॉट कचौरीज" म्हणून स्वतःच्याच खपावर खूश होणारा माणूस. उंच, गंभीर आवाजाचा फेलुदा म्हणजे राय, असं सगळे म्हणतात. म्हणोत. मला वाटतं गडपारच्या पत्त्यावर पण त्यांची थोडी टपाल येत असणार.

एक तक्रार आहे. 'बोंबाइयेर बोंबेटे'मध्ये ही मंडळी मुंबईला येतात, जटायूच्या कादंबरीवर हिंदी सिनेमा निघत असतो, आणि शेवटची सगळी धुमश्चक्री खंडाळा-लोणावळ्याच्या भागात धावत्या ट्रेनवर. घोडे, गोळीबार, सगळं आहे. पण आमच्या घाटात येऊन यांनी ना कर्जतचा वडा खाल्ला ना चिक्कीचं पाकीट घेतलं. बाबा म्हणाले जटायूने नक्की घेतलं असणार, तोपशेने लिहायचं टाळलं.

तिकडे जैसलमेरला बंगाली टूरिस्ट 'सोनार केल्ला', म्हणजे तिथला किल्ला, बघायलाच जातात, गाइड त्यांना गोष्टीतल्या मुकुल नावाच्या मुलाचं घर दाखवतात, जो मुकुल कधी नव्हताच. फेलुदा स्वतः लंडनला जातो तेव्हा बेकर स्ट्रीटवर उभा राहून होम्सला गुरू म्हणून नमस्कार करतो, जो होम्स पण कधी नव्हता. मग आम्ही वेरूळला गेलो यात काय वेडेपणा? 'कैलासे केलेंकारी'त भुवनेश्वरच्या राजाराणी देवळातलं यक्षीचं डोकं कोणीतरी तोडून विकायला काढतं आणि तो माग काढत काढत हे लोक येतात आपल्या वेरूळला. बाबांनी ते वाचलं त्या रात्रीच जाहीर केलं की गुडघा बरा झालाय. मी म्हटलं, बाबा, आपण तीनदा जाऊन आलोय. म्हणाले, "तेव्हा नुसतं बघायला गेलो होतो."

तर संभाजीनगर (बाबांच्या तोंडात अजून औरंगाबादच), तिथून गाडी करून वेरूळ. सोळा नंबरचं लेणं, म्हणजे कैलास. सकाळची वेळ, पण दगड तापायला लागलेला, शाळेच्या सहलीची पोरं रांगेत, त्यांचे सर शिट्टी वाजवतायत. बाबांच्या डोक्यावर माझ्या मुलाची क्रिकेटची टोपी, खिशात छोटी वही. आत अंगणात ते दोन मोठे हत्ती आहेत ना, खऱ्या हत्तीएवढे, त्यातल्या एकापाशी ते जाऊन उभे राहिले. सोंड नाहीये त्याला. दुसऱ्याचीही नाही. बाबा वाकून तुटलेल्या जागेकडे बघतायत, मग चष्मा काढून बघतायत, मग मागे सरकून, एक डोळा मिटून. दोन पोरंही त्यांच्या शेजारी उभी राहून एक डोळा मिटून बघायला लागली.

"जुनं तुटलंय," बाबा मला हळूच म्हणाले. "ताजं नाही." आवाज असा, की आजोबा आतल्या खोलीत आहेत.

शेजारी एक गाइड पोरांना जोरजोरात सांगत होता की हे सगळं पांडवांनी एका रात्रीत कोरलं, वरून खाली, सूर्य उगवायच्या आत. पोरं आ वासून. बाबा वळले. मला धसका बसला, कारण बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासलेला माणूस तो, आता राष्ट्रकूट, कृष्ण पहिला, आठवं शतक, सगळं काढून त्या गाइडला तिथेच उभा आडवा करणार. ते गेलेही त्याच्याजवळ. खांद्यावर हात ठेवला, आणि पोरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,

"छान सांगता हो. तेवढं रात्रीचं मात्र पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून टाका."