बसायची जागा

सार्वजनिक वास्तू पारखण्याची माझी फूटपट्टी म्हणजे आईचे गुडघे. कोणत्याही देवळात, सभागृहात किंवा बागेत गेल्यावर ती आधी बसायला जागा शोधते, बसल्यावर पाय जमिनीला नीट टेकतात का हे पाहते आणि उठताना कुणाचा हात धरावा लागला नाही, तर ‘बरें बांदलां’ एवढेच म्हणते. तिच्या या दोन शब्दांहून नेमके परीक्षण मी अजून कुठे वाचलेले नाही.

फोंड्याकडच्या आमच्या गावातल्या देवळाच्या सभामंडपात खांबांच्या मधून दोन्ही बाजूंना दगडी सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, आहेत. त्यांची उंची गुडघ्याहून किंचित कमी, रुंदी मात्र अशी, की माणूस ऐसपैस बसल्यावरही शेजारी फुलांचे तबक राहावे. कड पिढ्यान्‌पिढ्यांच्या बसण्याने गुळगुळीत झाली आहे. तिथे बसून मान एका बाजूला वळवली की गाभाऱ्यातली समई दिसते, दुसऱ्या बाजूला वळवली की राजांगण, तुळशीवृंदावन आणि दीपस्तंभ. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि बांधणाऱ्याने तो गृहीत धरला होता हे आषाढात कळते: कौलांची वळचण इतकी पुढे आणली आहे की पागोळ्या जोत्याच्या बाहेर पडतात आणि सोप्यावर बसलेल्याच्या पाठीला थेंब लागत नाही. पावसाचा आवाज ऐकत आरतीची वाट पाहण्यात जे सुख आहे, ते त्या दोन-तीन हातांच्या वळचणीचे देणे आहे.

शहरातली माझी आवडती वास्तू म्हणजे पणजीत कांपाल येथे मांडवीच्या काठी असलेली कला अकादमी. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली. रस्त्याकडून येणाऱ्याला आत आपण नेमके केव्हा शिरलो हे कळत नाही. छपराखालच्या मोकळ्या जागेतून चालत चालत तो नदीपाशी पोहोचतो. नाटक पाहायला आलेला आणि नुसता वारा खायला आलेला यांच्यात दारावरच भेद करण्याचे इमारतीने नाकारले, हे मला तिचे सर्वांत मोठे शहाणपण वाटते. मुख्य नाट्यगृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांच्या शैलीदार चित्रांतून जुन्या नाट्यगृहातले सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले गेले. नाट्यस्पर्धेच्या आठवड्यात एखाद्या दुबळ्या प्रयोगाला समोर पंचवीस माणसे उरली तरी नटांना निदान भिंतीवरचे रसिक मिळत, ही सोय मूळ हेतूत होती की नाही ते सोडा, पण हौशी रंगभूमीवर वावरलेल्याला तिचे मोल कळेल.

आता आमच्या गावातल्या नव्या सभागृहाविषयी. दिसायला ते देखणे आहे. समोर उंच काच, आत चकचकीत फरशी, जिच्यावर पावसाळ्यात ओल्या पायांनी चालणे म्हणजे दशावतारातल्या संकासुराची पावले टाकणे. काचेला वर छज्जा नसल्यामुळे आडवा पाऊस थेट फटींतून आत येतो, म्हणून खिडक्या मिटतात आणि पंखे गरम हवाच फिरवत राहतात. व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा नाही, त्यामुळे सत्कारमूर्ती वयोवृद्ध असतील तर दोन कार्यकर्ते त्यांना अक्षरशः उचलून वर नेतात आणि टाळ्यांना तेव्हाच सुरुवात होते. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, ज्या कार्यक्रम संपताच रचून कुलपात जातात. एरवी त्या वास्तूत कुणी टेकावे अशी तिची इच्छाच दिसत नाही.

फक्त मागच्या बाजूला, जिथे जुन्या फणसाची सावली पडते, तिथे जोत्याचा एक थर हातभर बाहेर राहिला आहे. जांभ्याचे चिरे खाणीतून काढताना मऊ असतात आणि हवा लागल्यावर घट्ट होतात. बहुधा गिलावा करायचे राहून गेल्यामुळे इथले चिरे उघडेच राहिले आणि तापलेल्या दुपारीही गार लागतात. लग्नातली वडीलधारी मंडळी, आचारी, क्रिकेट संपवून आलेली मुले, सगळी तिथेच सापडतात. गेल्या महिन्यात कुणीतरी त्या भिंतीवर ‘येथे बसू नये’ अशी पाटी लावली. आईने तिच्या खिळ्याला आपली छत्री अडकवली, पाय जमिनीला टेकतात का ते पाहिले आणि म्हणाली, ‘बरें बांदलां.’