‘साभार परत’ वही : श्रावणअखेरची नोंद

बडोद्यातल्या आमच्या कथागटात कोणती कथा कुठे पाठवली आणि तिचं काय झालं हे टिपून ठेवायच्या वहीची पद्धत आता चांगली रुळली आहे. गटात येणारे नवे लोक हटकून विचारतात, की कथा परत आल्यावर हुरूप टिकतो कसा? वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांकडे नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या हातात कधीच एकच कथा नसते. एक बाहेर गेलेली, एक दुरुस्तीला आलेली, एक अर्धवट. एकुलती एक कथा परत आली की माणूस पार खचतो. तिघींतली एक आली तर दोन दिवस चडफडतो आणि दुसरीला हात घालतो. प्रेरणा वगैरे शब्द सत्काराच्या भाषणांना ठेवावेत.

वही दोनशे पानी, साधी. रकाने असे: कथेचं नाव, शब्दसंख्या, कुठे पाठवली, तारीख, पोच, निकाल. यंदा ‘पुढचा पत्ता’ हा रकाना वाढवला, आणि खरा फरक त्यानेच पडला. तो कथा पाठवतानाच भरायचा. नकार आल्या दिवशी नवा अंक शोधायला कुणी बसत नाही आणि कथा महिनोन्‌महिने पडून राहते. पत्ता आधीच लिहिलेला असला की त्याच संध्याकाळी मेल जातो.

नुसतं छापील ‘साभार परत’ आलं तर कथेतला एक शब्दही बदलायचा नाही. त्यातून कळत काहीच नाही. अंक भरलेला असतो, त्याच विषयावरची कथा आधी घेतलेली असते, नाहीतर जाहिरातींपायी पानं कापलेली असतात. दोन वाचक एकमेकांशी न बोलता एकाच जागी अडले तरच दुरुस्ती. संपादकाने स्वतः दोन ओळी खरडल्या असतील तर तो नकार नाही, उधारी आहे: त्याच अंकाकडे पुढची कथा आधी जावी.

आता दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने ही प्रथा पाडली (त्याच वर्षी साहित्य संमेलन बडोद्याला भरलं होतं, हे आपलं जाता जाता), आणि तेव्हापासून मराठी कथालेखकाचं वर्ष दिवाळी ते दिवाळी धावतं. बहुतेक अंकांचा मजकूर गणपतीच्या आसपास लागलेला असतो. म्हणून पहिला खर्डा होळीपर्यंत, वाचन मे महिन्यात, रवानगी जूनमध्ये. श्रावणात सुचलेली कथा पुढच्या वर्षाची, हे एकदा मान्य केलं की घाईत बिघडलेले शेवट निम्मे कमी होतात. एकच कथा एकदम दोन अंकांना देऊ नये. दोघांनी छापली तर दोन्ही दारं बंद. गणपतीपर्यंत उत्तर नसेल तर एकदा विचारावं, तरीही शांतता असेल तर कथा मागे घेतल्याचं कळवून ती मोकळी करावी. लांबी अडीच ते साडेतीन हजार शब्द ठेवलेली बरी. सहा हजारांच्या कथेला जागा देणारे अंक मोजकेच.

फाइल युनिकोडमध्ये, सोबत पीडीएफ. छापखाना जुन्या फॉन्टवर चालत असेल तर रूपांतरात ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द हमखास मोडतात; पीडीएफ असली की मुद्रितशोधकाला मूळ दिसतं.

वाचनाच्या बैठकीत कथा लेखकाने वाचायची नाही, दुसऱ्याने वाचायची. लेखक वाचतो तेव्हा कच्च्या जागा आवाजाने झाकतो. दुसरा जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीची खूण. लेखकाने बोलायचं नाही, समर्थन तर अजिबात नाही. या महिन्यात मात्र कुणी अडखळलंच नाही अशी एक ओळ सापडली: ‘निवृत्तीनंतर दिनकररावांना घरात करमेना.’ वाचणारा न थांबता पुढे गेला, ऐकणाऱ्या कुणाच्या ती लक्षातही राहिली नाही. बदलून झाली: ‘निवृत्तीनंतरही दिनकरराव सव्वाआठला डबा मागून घेत आणि दुपारी सयाजीबागेतल्या बाकावर बसून तो संपवत.’ शब्द वाढले, पण पुढचा सुनेशी झालेल्या वादाचा अख्खा परिच्छेद काढता आला. लिहिणाऱ्याला पुन्हा टेबलाशी बसवायला असा एक परिच्छेद पुरतो, आणि त्यासाठी कुणाच्या होकाराची वाट बघावी लागत नाही. मानधनावर मात्र मदार ठेवू नये. कुठे मिळतं, कुठे नुसता अंक येतो.

राहिलेलं काम: जुन्या परत आलेल्या कथांचा ‘पुढचा पत्ता’ भरायचा, लांबलेल्या शेवटांतला शेवटचा परिच्छेद झाकून कथा पुन्हा वाचून बघायची, आणि गेल्या वर्षीचे अंक जमवून कोण कोणत्या लांबीच्या कथा छापतं ते वहीच्या मागच्या पानांवर उतरवायचं.